गप्पी एकच, ओढे दोन

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची ओळ वाचत आपण मोठे झालो. त्यामुळे गप्पी म्हणजे अळ्या गिळणारं यंत्र, कुठल्याही हौदात सोडा, काम तेच, असं डोक्यात बसलंय.

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले ओढे वेगळंच सांगतात. खालच्या डोहांत पाइक सिक्लिड हा शिकारी मासा गप्पींना गट्ट करतो. धबधबा चढणं त्याला जमत नाही, म्हणून वरच्या गप्पींना मुख्यतः किलीफिश या छोट्या माशाचाच त्रास, आणि तोही लहान गप्पींना.

माझा आवडता भाग इथून सुरू होतो. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. दिवस भरत आले की पोटाच्या पातळ कातडीतून पिल्लांचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. खालच्या डोहात उद्याचा भरवसा नाही, तेव्हा लवकर वयात येणाऱ्या, एका वेळी जास्त पण बारीक पिल्लं देणाऱ्या माद्यांचाच वंश पुढे सरकतो. वर शिकारी कमी, म्हणून माशांची गर्दी, अन्नाची ओढाताण. तिथे उशिरा वयात येऊन मोजकी, थोराड पिल्लं देणं फायद्याचं. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी 1976 मध्ये खालचे गप्पी वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. 11 वर्षांत त्यांच्या वंशजांनी वरच्यांची रीत उचलली होती. त्यांची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवली तरी फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक होता. 'उत्क्रांती कुणी पाहिलीय?' विचारणाऱ्यांना हा ओढा दाखवावा.

पण मासा बदलला की पाणीही बदलतं. खालचा गप्पी चोखंदळ, किडे-अळ्या वेचून खातो. वरचा मिळेल ते, म्हणजे शेवाळ आणि गाळसुद्धा ओरपतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रॉनल्ड बासार, डेव्हिड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी हे दोन प्रकार वेगवेगळ्या कृत्रिम ओढ्यांत ठेवले. खालच्यांच्या ओढ्यात शेवाळ जास्त आणि किडे कमी, वरच्यांच्या ओढ्यात उलट. पाण्यात पडलेली पानं कुजण्याचा वेगही सारखा राहिला नाही. जात तीच, ओढा मात्र निराळा.

आपल्याकडे गप्पी सोडताना फोटो निघतो, डास संपल्याची बातमी येते. गप्पी कुठल्या तळ्यातून आणले आणि ते तिथे काय खात होते, हे बातमीत कधी नसतं.