पोटातला ठेका कोण धरतं?

बकरा कापल्यावर बाहेर काढलेलं आतडं काही वेळ वळवळत राहतं. विदर्भातल्या खेड्यांत हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पोरं तर त्यासाठीच घोळका करून उभी राहतात. मेंदूशी नातं तुटलं, रक्त थांबलं, तरी आतडं आकसतंच. मग हुकूम देतं कोण?

आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जातंतू असतात. पण मज्जातंतूंचे संदेश बंद पाडणारं टेट्रोडोटॉक्सिन हे विष आतड्याच्या तुकड्याला दिलं, तरी त्यातल्या मंद विद्युतलहरी उठतच राहतात. माणसाच्या जठरात त्या मिनिटाला साधारण 3 असतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला 11-12. खंजरी भजनात एकजण ठेका धरतो आणि बाकीचे त्यात मिसळतात, तशा या लहरी एका वेगळ्याच प्रकारच्या पेशींतून उठतात आणि स्नायू त्यांच्या मागे जातात.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी या फांद्या फुटलेल्या पेशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पाहिल्या होत्या. म्हणून आज त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. काहाल यांना मात्र त्या आदिम मज्जापेशी वाटल्या. पुढे अनेक दशकं वाद चालला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशींना द्यायचे जुने रंग या पेशींना खात्रीने वेगळं दाखवत नसत. 1982 मध्ये डेन्मार्कच्या लार्स थुनेबर्ग यांनी याच पेसमेकर, म्हणजे ठेका धरणाऱ्या पेशी, असाव्यात असं मांडलं, पण नुसत्या आकारावरून ते सिद्ध कसं करणार?

वाट सापडली ती या पेशींवर असणाऱ्या किट नावाच्या प्रथिनामुळे. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना किटला अडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दिली आणि त्यांच्या आतड्याची हालचाल बिघडली. किटच्या जनुकात दोष असलेले पांढऱ्या केसांचे उंदीरही होतेच, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशींनाही किट लागतं. 1995 मध्ये त्यांच्या लहान आतड्यात दिसलं, की स्नायूंच्या दोन थरांमधल्या या पेशीही नाहीत आणि मंद लहरीही नाहीत. मला हा पुरावा फार देखणा वाटतो.

तरी एकट्या किटवर विसंबता येत नाही. आतड्यात मास्ट पेशीही असतात, ॲलर्जीत भाग घेणाऱ्या, आणि त्यांच्यावरही किट असतं. 2009 मध्ये ॲनो-1 हा या पेशींच्या आवरणातला, क्लोराइड वाहून नेणारा मार्ग पुढे आला. तो मास्ट पेशींवर दिसत नाही, आणि तो नसलेल्या उंदरांत लहरीच उठत नाहीत. म्हणजे ही खूणही आहे आणि यंत्राचा भागही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही रुग्णांचं जठर मंदावतं, तेव्हा या पेशी कमी झालेल्या आढळतात. ते मोजायला अशीच खूण लागते.

खेड्यातल्या माणसाच्या हाती हे विज्ञान येतं ते वर्धा-नागपूरहून आणलेल्या बायोप्सीच्या अहवालातून. ‘सीडी 117 पॉझिटिव्ह, डॉग-1 पॉझिटिव्ह’. सीडी 117 म्हणजे किट, डॉग-1 म्हणजे ॲनो-1. जठर-आतड्यातली जिस्ट नावाची विरळ गाठ याच पेशींच्या कुळातली. 1998 मध्ये जपानमध्येच कळलं, की तिच्यात बहुधा किट बिघडून सतत चालू राहिलेलं असतं. ते बंद करणाऱ्या इमॅटिनिबच्या गोळ्या 2000 पासून या रुग्णांना मिळू लागल्या. नेहमीची केमोथेरपी या गाठीवर फारशी चालत नाही, म्हणून गाठीचं नाव नेमकं कळणं महत्त्वाचं. गाठ काढली असेल, तर तिचा मेणातला ब्लॉक जपून ठेवायला सांगावं. ही तपासणी नंतरही त्यावर करता येते.