सूज नसलेलं दुखणं: फायब्रोमायल्जियाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात अंगदुखी ही वेगळी तक्रार म्हणून फारसं कुणी सांगत नाही. मांडीवर सूप घेऊन दिवसाकाठी हजारभर विड्या वळणाऱ्या बाईची मान-पाठ दुखणारच, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचे पाय ठणकणारच, असं घरचे धरून चालतात. फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांग सतत दुखत राहण्याचा आजार, या गृहीतकामागेच दडून राहतो. कामाने लागलेली रग विश्रांतीने उतरते. इथे मात्र मानेपासून पोटऱ्यांपर्यंत महिनोन्‌महिने दुखतं, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं, कामात लक्ष लागत नाही, आणि रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे सगळं नॉर्मल. मग घरात सुरू होतं, "तिला काही झालेलं नाही, मनाचं आहे सगळं." हा आरोप अन्यायाचा आहे, आणि त्याचं मूळ घराबाहेर, वैद्यकाच्या इतिहासात आहे.

1904 साली लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गावर्स यांनी कंबरदुखीवरच्या व्याख्यानात असं मांडलं, की अशा दुखण्यात स्नायूंभोवतालच्या तंतुमय भागाला सूज येते. त्यांनी त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या शरीरातले तुकडे तपासून तशी सूज दिसल्याचं कळवलं. पुढच्या संशोधकांना ती सापडली नाही. सूज मिळेना, तेव्हा दुखण्यावरच शंका घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळांत अशा सैनिकांच्या दुखण्याला 'मानसिक संधिवात' ठरवलं जाई.

या शोधाची दिशा बदलली ती टोरांटोत. हार्वी मोल्डोफ्स्की आणि ह्यू स्माइथ यांनी 1975 साली अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख प्रसिद्ध केले. गाढ झोपेतही त्यांच्या मेंदूत जागेपणीच्या लहरी मिसळलेल्या होत्या. मग त्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप आवाजाने मोडून पाहिली. त्या माणसांचंही अंग दुखू लागलं, दाबलं की कळ येऊ लागली. मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दुखण्याचा धागा स्नायूंतून निघून मेंदूपर्यंत गेला तो इथे. रात्रपाळीमुळेच हा आजार होतो, असं यावरून म्हणता येत नाही. पण झोप नीट झाली नाही की दुखणं वाढतं, ही रुग्णांची तक्रार खरी आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

1976 साली फिलिप हेंच यांनी फायब्रोमायल्जिया हे आजचं नाव सुचवलं. 1990 साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निकष ठरवले: तीन महिने सर्वांगात दुखणं, आणि शरीरावरच्या ठरावीक 18 जागांपैकी किमान 11 जागी सुमारे 4 किलोच्या दाबाने वेदना. बोटाच्या दाबावर सगळं अवलंबून राहिल्याने बरेच रुग्ण निदानातून सुटत. 2010 मध्ये ही दाबणी सक्तीची राहिली नाही, आणि थकवा, झोप, विसराळूपणा यांना वजन मिळालं. मधल्या काळात, 2002 साली, मेंदूच्या एमआरआयवर दिसलं, की तेवढ्याच दाबाला या रुग्णांचा मेंदू कितीतरी जास्त प्रतिसाद देतो. दुखणं कल्पनेतलं नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता द्यायचा?

आपल्याकडचा एक दाखलाही आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन हाडा-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी साधारण 18 टक्के लोकांना असा त्रास होता, आणि त्यातल्या अनेकांचं दुखणं कुठल्याही ठरावीक संधिवातात बसत नव्हतं.

उपचारांचा इतिहास लहान आहे. 1986 पासून अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या औषधाचा कमी डोस वापरात आला, 2007 साली अमेरिकेत प्रिगाबालिन या नसांच्या वेदनेवरच्या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. औषधांनी काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 साली सगळे पुरावे तपासले, तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाची केली. तोही बेताने. पहिल्याच दिवशी सिद्धेश्वर तलावाकाठी तासभर चाललं, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जायचे. दहा मिनिटांनी सुरुवात करावी, सोसलं तर हळूहळू वाढवावं, उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी उरकावं. सलग बैठकीचं काम असेल तर मध्ये उठून मान-खांदे मोकळे करावेत. झोपायची वेळ शक्यतो रोज एकच ठेवावी.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. या आजारात त्यांचा उपयोग नाही, उलट साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि आमवात यांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण तेही असंच अंग दुखवतात. आणि डॉक्टरांकडे जाताना कुठे दुखतं एवढंच सांगून थांबू नये. झोप कशी लागते, सकाळी उठताना कसं वाटतं, हेही आवर्जून सांगावं.