गर्ल्स बँड अॅनिमेतील मानसनाट्य

मुलींच्या बँडची कथा सांगणाऱ्या जपानी अॅनिमे मालिकांतील एक प्रवाह. बँड नावारूपाला येतो की नाही यापेक्षा त्यातील मुलींच्या मनात काय चालले आहे, याला येथे महत्त्व असते. अपराधभाव, टाकले जाण्याची भीती आणि दुभंगलेली स्वप्रतिमा हे त्याचे नेहमीचे विषय. नाचगाण्याच्या ‘आयडॉल’ गटांच्या मालिका यात सहसा धरत नाहीत. पात्रे स्वतः वाद्ये वाजवतात, ही अट मानली जाते. बुशिरोड कंपनीच्या ‘बँग ड्रीम!’ प्रकल्पातील ‘इट्स मायगो!!!!!’ (२०२३) आणि ‘अवे मुजिका’ (२०२५) या जोडमालिका हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

उगम : याविषयी एकमत नाही. एका मांडणीनुसार हा प्रवाह ‘के-ऑन!’ची प्रतिक्रिया म्हणून निर्माण झाला. काकिफ्लाय यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) क्योटो अॅनिमेशनने २००९ मध्ये केलेल्या या मालिकेत (दिग्दर्शन यामादा नाओको) शाळेतील संगीत मंडळाच्या मुली सरावापेक्षा चहा-केकमध्येच अधिक रमतात आणि संघर्ष जवळजवळ नसतो. मात्र प्रतिक्रिया यायला चौदा वर्षे लागावीत, हे पटण्याजोगे नाही. शिवाय मधल्या काळात आलेली ‘बँग ड्रीम!’ची पहिली मालिका (२०१७) बरीचशी ‘के-ऑन!’च्याच वळणाची होती.

दुसरी मांडणी यझावा आई यांच्या ‘नाना’कडे बोट दाखवते (मांगा २००० पासून, मॅडहाउसची ४७ भागांची मालिका, २००६–०७). तिच्यातील बँडमध्ये गायिका सोडली तर सगळे पुरुष आहेत, म्हणजे व्याख्येत ती बसत नाही. तरीही मैत्रीतील मत्सर, दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभे न राहता येणे आणि बँड फुटल्याची न भरणारी जखम हे सगळे तेथे आधीच आहे. तिसरे मत कोन सातोशी यांच्या ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) या चित्रपटाला मूळ मानते. त्यात वाद्ये नाहीत, बँडही नाही. आयडॉल गट सोडून अभिनेत्री झालेल्या तरुणीला आपल्याच जुन्या प्रतिमेने पछाडलेले आहे. नातेसंबंधांची घडण ‘नाना’कडून आणि दुभंगलेल्या मनाची दृश्यभाषा ‘परफेक्ट ब्लू’कडून, अशी विभागणी केल्यास पुराव्याशी अधिक जुळते.

‘बोच्ची द रॉक!’ या मुलींच्या बँडवरील दुसऱ्या मालिकेच्या (२०२२) यशामुळे ‘मायगो’ गंभीर झाली असेही म्हटले जाते. कालक्रम याला अनुकूल नाही. ‘बोच्ची’ ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रक्षेपित होऊ लागली. मायगो हा बँड, सदस्यांची नावे व चेहरे झाकून का होईना, त्याच वर्षीच्या वसंत ऋतूतच पुढे आला होता. ‘बोच्ची’तील समाजभय मुख्यतः विनोदाच्या अंगाने येते, हाही फरक आहे.

रचना : जोडमालिकांचे दिग्दर्शन काकिमोतो कोदाई यांचे, मालिकारचना आयाना युनिको यांची आणि त्रिमितीय संगणकीय अॅनिमेशन सान्झिगेन स्टुडिओचे. प्रत्येकी १३ भाग. दोन्हींच्या मुळाशी क्रायसिक हा शाळकरी मुलींचा अल्पजीवी बँड आहे. पावसात भिजत आलेली तोगावा साकिको बँड सोडत असल्याचे सांगते. कारण सांगत नाही. त्याच खोलीत वाकाबा मुत्सुमी म्हणते, बँडमध्ये मजा येते असे मला एकदाही वाटले नाही. पुढची सगळी पडझड या दोन वाक्यांतून होते.

‘मायगो’त उरलेल्यांची बाजू येते. गायिका ताकामात्सु तोमोरी दगड गोळा करणारी, मनातले वहीत लिहून ठेवणारी मुलगी. तिसरा भाग जवळपास पूर्णपणे तिच्या डोळ्यांतून दाखवला आहे: पडद्यावर तिचे हात, खाली झुकलेली नजर आणि समोरच्यांचे चेहरे. क्रायसिक फुटल्याचा दोष ती स्वतःवर का घेते, हे त्यामुळे वेगळे सांगावे लागत नाही. सातव्या भागात मायगो हा नवा बँड ठरलेले नसताना क्रायसिकचे ‘हारुहिकागे’ हे गाणे वाजवतो. श्रोत्यांत असलेली साकिको रडत बाहेर पडते, आणि जुना बँड परत मिळावा म्हणूनच नव्यात आलेल्या नागासाकी सोयोचा गोड मुखवटा गळून पडतो. हे गाणे का वाजवले, हा तिचा संतप्त प्रश्न चाहत्यांच्या बोलण्यात म्हणीसारखा रुळला. दहाव्या भागात तोमोरी रंगमंचावर एकटीच कविता वाचू लागते आणि एकेक वाद्य तिच्यामागे येऊन उभे राहते. प्रवाहातील हा सर्वांत कसदार प्रसंग मानावा लागेल.

साकिकोचे कारण प्रेक्षकाला ‘मायगो’च्या अखेरीस दिसते. अवे मुजिका या आपल्या मुखवटे घातलेल्या नव्या बँडचा प्रयोग संपवून ती एका कळकट खोलीत, दारू पिऊन पडलेल्या वडिलांकडे परतते. ‘अवे मुजिका’ तिथून सुरू होते. फसवणुकीत तोगावा उद्योगसमूहाचे १६८० कोटी येन बुडाल्याने वडील घराबाहेर फेकले गेले, आणि ती त्यांच्यासोबत गेली.

बहुव्यक्तिमत्त्वाचे चित्रण : प्रसिद्ध विनोदी कलाकार वडील आणि अभिनेत्री आई यांच्या घरात वाढलेल्या मुत्सुमीचे रंगमंचावरील नाव मोर्तिस. मुखवटे उतरल्यावर तिच्यावर प्रसिद्धीचा भार येतो आणि मोर्तिस हे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व होऊन तिची जागा घेते. तिचे अंतर्मन बाहुल्यांच्या रंगमंचासारखे दाखवले आहे. वैद्यकीय दृष्ट्या हे चित्रण काटेकोर नाही: उपचार जवळपास नाहीत आणि व्यक्तिमत्त्वांची अदलाबदल नाट्यसंकेतांनी होते. परंतु गिटारशी असलेले मुत्सुमीचे नाते जसजसे उलगडते, तसतसा ‘मजा आली नाही’ या जुन्या वाक्याचा रोख बदलतो. ही बांधणी मालिकेची खरी ताकद आहे.

गायिका मिसुमी उइकाची कथा याच्या तुलनेत ओढाताणीची वाटते. अकराव्या भागात ती एकपात्री स्वगतातून उलगडते: तिचे खरे नाव हात्सुने, उइका हे धाकट्या बहिणीचे नाव, साकिकोचे आजोबा हेच तिचे जन्मदाते. म्हणजे जिच्यावर तिचा जीव जडला, तिची ती नात्याने मावशी लागते. शेवटचा भाग बहुतांशी मैफिलीला दिल्याने ही गुंतागुंत सोडवायला जागाच उरत नाही.

अन्य कृती : तोएई अॅनिमेशनची ‘गर्ल्स बँड क्राय’ (एप्रिल ते जून २०२४, दिग्दर्शन साकाई काझुओ, लेखन हानादा जुक्की) काहीशी वेगळी. कुमामोतोहून शाळा सोडून कावासाकीला आलेल्या इसेरी निनाचा राग आतल्या आत कुजत नाही, तोंडावर फुटतो. म्हणून तिला या प्रवाहाच्या काठावर ठेवणे बरे.

सादरीकरण : ‘बँग ड्रीम!’मधील अनेक बँडांत पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकारच प्रत्यक्ष मैफिलीत वाद्ये वाजवतात. अवे मुजिकाच्या कार्यक्रमांत गाण्यांमध्ये मुखवट्यांतील छोटी नाट्यवाचने असतात. मालिका संपल्यावर एप्रिल २०२५ मध्ये योकोहामा येथे दोन्ही बँडांचा संयुक्त कार्यक्रम झाला.