दाबसंवेदकातील मापनत्रुटी

प्रत्यक्ष दाब आणि दाबसंवेदकाने (प्रेशर सेन्सरने) दाखवलेला दाब यांतील फरक म्हणजे मापनत्रुटी. वाळूजचा कारखाना असो की लातूरकडची खोल बोअर, सेन्सर निवडताना बहुधा कॅटलॉगमधला ‘±०.५ टक्के’ एवढाच आकडा पाहिला जातो. तो कशाचा टक्का, हे आधी विचारावे.

बहुतेकदा तो पूर्ण मापश्रेणीचा असतो. ०–१० बारच्या (बार हे दाबाचे एकक) सेन्सरला तो ०.०५ बार होतो आणि दाब कितीही असो, तेवढी चूक संभवते. ठिबकच्या लॅटरलमध्ये (पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीत) दाब १ बारच्या आसपास असतो. तिथे हीच चूक वाचनाच्या ५ टक्के होते. बोअरमध्ये ती सुमारे अर्धा मीटर पाणी इधरउधर दाखवते. ‘मोठ्या मापश्रेणीचाच घ्या, टिकेल’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. अर्थात पंप बंद होताना बसणारा पाण्याचा तडाखा सोसेल इतकी अतिदाब-मर्यादा हवीच. ती वेगळी दिलेली असते.

कॅटलॉगमधल्या त्या ±०.५ टक्क्यात सहसा अरेषीयता (दाब आणि वाचन यांचा आलेख सरळ रेषेपासून ढळणे), हिस्टेरेसिस (दाब चढताना व उतरताना येणारे वेगळे वाचन) आणि पुनरावृत्तीतला फरक येतो. अरेषीयता टोकाचे बिंदू जोडणाऱ्या रेषेऐवजी सर्वांत जुळत्या रेषेपासून मोजली, तर आकडा निम्म्यापर्यंत उतरतो. सेन्सर मात्र तोच.

तापमानाची त्रुटी बऱ्याचदा खालच्या ओळीत असते. मूळ अचूकता साधारण २५ अंश सेल्सिअसची. परभणी-नांदेडात मे महिन्यात सावलीतच पारा ४२ अंशांवर जातो. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ५५ अंश धरले आणि दर १० अंशांना ०.२ टक्के त्रुटी असली, तरी ०.६ टक्के झाले, म्हणजे मूळ आकड्याहून जास्त.

संदर्भदाबाकडे, म्हणजे सेन्सर ज्याच्या तुलनेत मोजतो त्या दाबाकडे, तर क्वचितच कुणी पाहते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्याने तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६५ मिलिबारने कमी असतो. समुद्रसपाटीचा दाब आत कोंडलेला सेन्सर तिथे टाकीतले पाणी सुमारे ६५ सेंटिमीटर कमी दाखवेल. जागेवर शून्य जुळवून घेतले की हा फरक जातो. हवेच्या दाबातला रोजचा चढउतार, म्हणजे तीन-चार सेंटिमीटर पाणी, उरतोच. पातळीसाठी केबलमधून हवेची बारीक नळी असलेला सेन्सर घेतात तो यासाठी. पावसाळ्यात नळीत दमट हवा शिरते. तोंडाशी असलेली आर्द्रताशोषक पुडी बदलली नाही तर पाणी साचून नळी बुजते आणि असा सेन्सरही आत दाब कोंडलेल्या सेन्सरसारखाच वागू लागतो.