टेंडर काढायच्या आधी फ्रिक्वेन्सी ठरवा (नगरपालिका, पंचायत समिती आणि पाणीपुरवठा विभागातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम.

आम्ही छोटी फर्म आहोत, वायरलेसची कामं करतो, म्हणजे टाक्यांचे लेव्हल सेन्सर, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात नेट न्यायची लिंक, वॉकीटॉकी, पुराचे भोंगे असं सगळं. आणि जवळजवळ प्रत्येक कामात आम्हाला तेच दिसतं. एस्टिमेटमध्ये सर्व्हर असतो, सॉफ्टवेअर असतं, यूपीएस असतो, तीन वर्षांची एएमसी असते, पण सिग्नल हवेतून कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जाणार आणि ती वापरायची आपल्याला परवानगी आहे का, ही एक ओळ नसते. मग वर्क ऑर्डर निघाल्यावर, माल आल्यावर धावपळ. म्हणून हे पत्रक.

एक किस्सा सांगतो, नाव-गाव नको. एका पाणी योजनेत सहा टाक्यांवर सेन्सर बसवले होते, आम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी. माल ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचा (मेगाहर्ट्झ म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजायचं एकक) घेतला. टेबलावर झकास चालला, टाकीवर चढवला तरी चालला, बिलही निघालं. काही दिवसांनी मोबाइल कंपनीची माणसं अँटेना हातात धरून गावभर फिरत त्या टाकीखाली येऊन उभी राहिली, कारण त्यांच्या टॉवरला त्रास होत होता. सगळे सेन्सर उतरवावे लागले आणि वॉलमन पुन्हा शिडी चढून पाणी बघायला लागला. आम्हाला नंतर बोलावलं तेव्हा त्या मालाचं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

यात सेन्सर खराब नव्हता, तो अमेरिकेसाठी बनवलेला होता. तिकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ असल्या उपकरणांना मोकळा, म्हणजे बिनलायसनचा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, आणि टॉवरचा कान फार तिखट असतो, लांबच्या फोनचा अगदी क्षीण आवाज त्याला ऐकायचा असतो, त्यात शेजारच्या उंच टाकीवरून कुणी सारखं कुजबुजलं तरी गोंधळ होतो. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मोकळा होता, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. त्यामुळे टेंडरमध्ये नुसतं "लोरा सेन्सर" (लोरा म्हणजे कमी बॅटरीत लांबवर निरोप पाठवायची वायरलेस पद्धत) लिहू नका, "८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, आणि त्याच मॉडेलच्या नावाचं ईटीए सर्टिफिकेट" असं लिहा. ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, ते सरल संचार पोर्टलवर निघतं. सप्लायर म्हणाला नंतर देतो, तर थांबा.

हे सगळं बघते दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंग, १९५२ पासून. कुठली फ्रिक्वेन्सी कशासाठी, हे राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखड्यात असतं. आणि सरकारी खातं आहे म्हणून लायसन्स लागत नाही असा बऱ्याच जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे. खातं कुठलंही असो, लायसन्सवाला बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वापरायचा तर अर्ज करावाच लागतो. या हवेची किंमत किती आहे ते बघायचं तर २०२२ चा ५जी लिलाव आठवा, दीड लाख कोटी रुपयांच्या वर गेला होता. आपल्याला लिलावात उतरायचं नाही, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आपत्ती व्यवस्थापनासारख्या कामांना स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सी, लिलावाशिवाय द्यायची सोय आहे, पण मागावा लागतो आणि वेळेत मागावा लागतो.

आता मोकळा बँड म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. मोकळा म्हणजे बिनलायसनचा, पण तो सगळ्यांचा आहे. तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही आणि तुम्हाला कुणाचा त्रास झाला तर तक्रारही करायची नाही, अशी त्याची अटच आहे. टाकीची लेव्हल दहा मिनिटं उशिरा कळली तर चालतं, तिथे मोकळा बँड उत्तम. पण पुराचा भोंगा किंवा धरणाच्या गेटचा निरोप त्याच्यावर एकट्यावर सोडू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे ज्यांनी ड्युटी केली त्यांना वेगळं सांगायला नको, पाणी चढलं आणि वीज गेली की मोबाइलवर किती भरवसा ठेवायचा ते. अशा कामाला लायसन्सचा स्वतःचा व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झमधला) चॅनेल आणि बॅटरीवर चालणारा सेट, हाच आमचा सल्ला असतो, खर्च जास्त दिसला तरी.

मोकळ्या बँडला पॉवरची मर्यादाही असते. २.४ गिगाहर्ट्झवर अँटेना धरून एकूण ४ वॅट. आता लोक काय करतात, १ वॅटच्या रेडिओला २४ डीबीआयची (अँटेना जोर एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) मोठी जाळीची डिश लावतात, लांब जातं म्हणून. हिशोब केला तर हवेत सुमारे २५० वॅट इतका जोर एका दिशेला जातो, म्हणजे मर्यादेच्या साठपट! ती डिश लावायची तर रेडिओ १६ मिलीवॅटच्या आसपास खाली आणावा लागतो. आम्ही तसं सेट करून देतो आणि सेटिंगचा प्रिंटआउट फाइलला लावतो. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर हवामान खात्याचे रडारही चालतात, रडारची चाहूल लागली की रेडिओने आपणहून चॅनेल सोडायचा असतो, ते फीचर बंद करून द्या असं कुणी सांगितलं तर आम्ही करत नाही, आधीच कळवतो.

वॉकीटॉकीचं थोडक्यात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे सेट बिनलायसन चालतात, ईटीए मात्र हवंच. यात्रेत, स्वच्छतेच्या टीमला पुरतात. बाकी व्हीएचएफ आणि त्याच्या वरच्या यूएचएफ सेटना लायसन्स लागतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असले सेट विकल्याबद्दल १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा दिल्या, तेव्हा साइटवर दिसतंय म्हणजे कायदेशीरच असणार असं धरू नका.

लायसन्सच्या कामात लोकेशन फार महत्त्वाचं. मास्ट (अँटेनाचा उंच खांब) कुठे, उंची किती, अक्षांश-रेखांश काय, यावर सॅक्फाची (फ्रिक्वेन्सी वाटपावर सल्ला देणाऱ्या केंद्राच्या स्थायी समितीची) मंजुरी असते, विमानांना अडथळा नको आणि आजूबाजूच्या वायरलेसवाल्यांना त्रास नको म्हणून. मंजुरी मागितल्यावर "साहेब म्हणाले मास्ट शाळेवर नको, टाकीवर घ्या" असं झालं की कागद पुन्हा फिरवावे लागतात. म्हणून जागा आधी पक्की करा, ठराव घ्या, मगच अर्ज. पावसाळ्यात सेट हातात हवे असतील तर मे महिन्यात अर्ज करून उपयोग नाही.

जुन्नर, आंबेगावकडच्या ग्राहकांसाठी वेगळं सांगायचं आहे. खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल ऐकणारी दुर्बीण. तिच्या परिसरात काहीही बसवायच्या आधी आम्हाला फोन करा. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडचा ठरलेला मार्ग याच दुर्बिणीमुळे बदलायची वेळ आली, एवढ्या मोठ्या प्रकल्पाची जर ही गत, तर आपल्या सेन्सरचं काय!

अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांना असा नियमच आहे की मोठी रेडिओ यंत्रणा घ्यायची तर फ्रिक्वेन्सी मिळू शकते असा दाखला आधी घ्यायचा, मगच बजेट मागायचं. आपल्या नगरपालिकेनेही स्वतःपुरता हा क्रम पाळायला हरकत नाही, त्याला वरून जीआर यायची वाट बघायला नको.

आमच्याकडून काय मिळेल, तर डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) व्हायच्या आधी एक दिवसाची साइट व्हिजिट, स्पेक्ट्रम अॅनालायझरने (हवेतले सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राने) त्या जागी आधीपासून कोण कोण बोलतंय त्याची नोंद, आणि टेंडरमध्ये घालायच्या फ्रिक्वेन्सीच्या ओळी मराठीत आणि इंग्रजीत. काम आम्हालाच द्या अशी अट नाही, ओळी तुमच्या. आमच्याकडे येताना टाक्यांची आणि इमारतींची यादी उंचीसकट आणा, आधी घेतलेल्या सेटची बिलं आणा, आणि जुनं लायसन्स असेल तर त्याची झेरॉक्स नक्की आणा, मुदत संपलेली असली तरी.