न्यूमोनिया की टीबी: लिव्होफ्लॉक्सासिन लिहिण्याआधी

दोन-तीन दिवसांत चढलेला ताप, हुडहुडी, श्वास घेताना छातीत टोचणं, गंजाच्या रंगाचा बेडका, हा न्यूमोनिया. दोन आठवडे न हटणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरत जाणारं वजन, हा टीबी. इथवर सगळ्यांना पाठ आहे. श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा माणूस बरळू लागलेला असेल, तर आधी रुग्णालयात भरती करायचं, हेही.

घोळ होतो मधल्या रुग्णांत. टीबी कधीकधी न्यूमोनियासारखाच अचानक उफाळतो. मधुमेहात त्याचा एक्स-रेवरचा डाग फुप्फुसाच्या खालच्या भागातही दिसू शकतो, म्हणून ‘डाग खाली म्हणजे न्यूमोनिया’ हा आडाखा तिथे सोडून द्यावा.

मग ‘पाच दिवस लिव्हो, म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन, देऊन बघू’ असं ठरतं, आणि नेमकं तेच चुकतं. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूवरही चालतात. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ती महत्त्वाची औषधं आहेत. त्यामुळे टीबीच्या रुग्णालाही चार दिवसांत बरं वाटतं, ताप उतरतो, आणि ‘न्यूमोनियाच होता’ असा निकाल लागतो. काही आठवड्यांनी खोकला परत येतो. मधल्या काळात घरच्यांना लागण होऊ शकते, बेडक्यातले जंतू कमी झाल्याने तपासणी चुकू शकते, आणि एकट्या औषधाच्या माऱ्यात जंतू त्याच औषधाला सरावू शकतात. लिव्होने आलेला आराम दोन्ही आजारांत सारखाच दिसतो, त्यावरून निदान करताच येत नाही.

अमॉक्सिसिलिनचं तसं नाही. टीबीचा जंतू ते फोडून टाकणारं एन्झाइम बनवतो, म्हणून एकट्या अमॉक्सिसिलिनने टीबी दबत नाही. म्हणून न्यूमोनिया वाटला, तर दुसरा आजार नसलेल्या, घरीच उपचार करता येतील अशा प्रौढाला तेच द्यावं, १ ग्रॅम दिवसातून तीनदा, किमान ५ दिवस. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ७२ तासांत ताप हटला नाही, तर छातीत पाणी किंवा पू आहे का ते बघा आणि टीबीचा विचार पुढे आणा. लिव्होशिवाय पर्यायच नसेल, तर आधी बेडका घ्या आणि मगच पहिली गोळी द्या.

बेडका म्हणजे थुंकी नव्हे. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, खोकून छातीतून काढलेला हवा. तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवावा. ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, आणि दोन्ही तपासण्या रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबीही पकडतात. सरकारी केंद्रांत त्या मोफत होतात.

आणखी एक: ताप गेला, भूक परतली, पण एक्स-रेवर डाग आहे म्हणून आठवड्यात अँटिबायोटिक बदलू नका. डाग विरायला कित्येक आठवडे लागतात. मात्र खोकला टिकून असेल किंवा वजन भरत नसेल, तर पुन्हा बेडका तपासा.