पार्क्स कोणतं आणि फोर्ब्स कोणतं?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या मध्यपश्चिम भागात न्यूएल हायवेवर पार्क्स आणि फोर्ब्स ही दोन गावं आहेत. मध्ये अंतर जेमतेम 30-35 किलोमीटर. दोन्ही विरादुरी या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर, दोन्ही 1860 च्या दशकात सोन्यापायी वसलेली, आणि आज दोन्हीकडे गहू, कॅनोला, मेंढ्या. त्यात पार्क्सच्या दुर्बिणीवर 2000 साली जो चित्रपट आला, त्यातलं ‘पार्क्स’ चित्रित झालं फोर्ब्समध्ये, कारण जुन्या इमारती तिथे टिकून होत्या. मग गोंधळ होणारच.

नदी शोधा, म्हणजे गोंधळ मिटतो. लॉकलन नदी फोर्ब्सला वळसा घालून जाते. 1861 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि माळावर तंबूंचं शहर उभं राहिलं. सोन्यामागोमाग बुशरेंजर आले, म्हणजे रानात दडून वाटमारी करणारे. 15 जून 1862 रोजी फोर्ब्सहून सोनं घेऊन निघालेली घोडागाडी युगौराच्या खडकांपाशी फ्रँक गार्डिनरच्या टोळीने लुटली. त्या टोळीत बेन हॉल होता. कधीकाळी स्वतःची गुरं राखणारा हा माणूस 5 मे 1865 रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, अठ्ठाविसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. त्याची कबर फोर्ब्सच्या दफनभूमीत आहे. नेड केली या प्रसिद्ध बुशरेंजरची बहीण केट हीसुद्धा तिथेच विसावली आहे. फोर्ब्स बघायचं तर इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

पार्क्सला अशी नदी नाही. आधीचं नाव बुशमन्स. 1873 मध्ये न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे सरकारप्रमुख हेन्री पार्क्स भेट देऊन गेले आणि पुढे गावाने त्यांचं नाव घेतलं. मुख्य रस्ता क्लॅरिंडा हे त्यांच्या पत्नीचं नाव. दर जानेवारीत इथे एल्व्हिस प्रेस्लीचा उत्सव भरतो, 1993 पासून.

पण पार्क्सचं खरं वैभव गावाबाहेर, सुमारे 20 किलोमीटर उत्तरेला आहे. मेंढ्यांच्या कुरणात 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी तबकडी, 1961 पासून. वस्ती विरळ, रेडिओ गोंगाट कमी, म्हणून जागा इथली निवडली. 2020 मध्ये तिला मुरियांग हे विरादुरी नाव मिळालं: आकाशातलं, निर्मात्या बियामीचं घर. आवारात समोरासमोर दोन छोट्या तबकड्या आहेत. एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. तबकडी दुरून आलेले क्षीण संकेत कसे गोळा करते, हे पोरांना त्या एका खेळात कळतं.

एक दुरुस्ती मात्र हवी. आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं पहिलं पाऊल जगाने पार्क्समार्फत पाहिलं, असं सर्रास सांगतात. ते दृश्य कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्रातून गेलं. प्रक्षेपण सुरू होऊन साधारण नऊ मिनिटं झाल्यावर पार्क्सचं चित्र घेतलं गेलं आणि बाकीचं अडीच तासांचं प्रक्षेपण तिथूनच झालं, तेही सोसाट्याच्या वाऱ्यात.

ही दुर्बीण चालवणाऱ्या सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेशी आपलंही नातं आहे. भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप 1950 च्या दशकात तिथे शिकले. तिने सिडनीतल्या 32 छोट्या तबकड्या भारताला दिल्या, आणि 1965 मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या. नारायणगावजवळच्या खोडदची मोठी दुर्बीण उभारली तीही स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली.